भाचीला पाठवलेला खराब माल

निवासी शाळा, खांडबारा
१८ नोव्हेंबर २०२४

मामा,

तुमच्या आणि शीलामामींच्या पाया पडते. दिवाळीची सुट्टी संपली आणि आमचे मोबाईल पुन्हा रेक्टरबाईंच्या कपाटात गेले. आता मार्चपर्यंत तुम्ही, मी आणि पोस्टमन. महिन्यातून एकदा आईशी फोनवर बोलता येतं, पण आजचं काम आईला सांगण्यासारखं नाही. ती म्हणेल, अकरावी सायन्स घेऊन मिरच्या काय मागत फिरतेस!

तर मामा, मला मिरच्या हव्यात.

शाळाशाळांची रोबोट स्पर्धा असते, त्यात यंदा आमचा संघ उतरतोय. विभागीय फेरी एक फेब्रुवारीला नाशिकला आहे. आपल्या भागातलं हातानं होणारं एखादं काम यंत्रानं करून दाखवायचं, असा विषय आहे. आम्ही मिरची निवडणं घेतलं. एका पट्ट्यावरून सुकी लाल मिरची पुढे सरकते, वर कॅमेरा असतो, तो बघतो आणि खराब असेल तर एक छोटा हात तिला बाजूला ढकलतो. पट्टा आणि हात माझ्या वर्गातला मिथुन बनवतोय. तो नवापूरचा आहे, दिवसाला चार वाक्यं बोलतो आणि त्यातली तीन स्क्रूबद्दल असतात. ओळखायचं डोकं मात्र माझ्याकडे.

यात एक गोम आहे. मिथुननेही एक सोपा प्रोग्राम लिहून ठेवलाय. मिरचीचा लाल रंग अमुक टक्क्यांपेक्षा कमी दिसला की ती खराब, एवढा एकच नियम. माझा प्रोग्राम वेगळा आहे. मी त्याला नियम सांगणारच नाही. चांगल्या मिरचीचे चारशे फोटो दाखवायचे, खराब मिरचीचे चारशे दाखवायचे, आणि फरक त्यानं स्वतः शोधायचा. आमचे कॉम्प्युटरचे भिकन सर म्हणाले, पंधरा जानेवारीला दोन्ही चालवून बघू, जो जिंकेल तो नाशिकला. संघात जागा चारच आहेत. माझा हरला तर माझी जागा बारावीच्या एका मुलाला जाईल आणि मी इथे बसून टाळ्या वाजवीन. मला टाळ्या वाजवायला अजिबात आवडत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

म्हणून एक किलो चांगली मिरची आणि एक किलो खराब मिरची पाठवा. वेगवेगळ्या पिशव्यांत, वर चिठ्ठी लावून. मला मिरचीतलं काही कळत नाही, म्हणून निवड तुम्हीच करायची.

तुमची भाची,
मयूरी

---

प्रकाशा
२५ नोव्हेंबर २०२४

चि. मयूरीस मामाचे आशीर्वाद.

पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘खराब मिरची पाठवा’ इथं आलो तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, पुन्हा वाचा. अगं, जग मामाकडे साडी मागतं, सायकल मागतं, तू खराब माल मागतेस! आपल्या गुजर समाजात म्हणतात, शंभर ब्राह्मण जेवले काय आणि एक भाचा जेवला काय, पुण्य सारखंच. भाची त्याहून वरची. तिच्या नावानं सडका माल गाडीत चढवायचा म्हणजे मला काशीला जाऊन यावं लागेल. आपल्या प्रकाशालाच दक्षिण काशी म्हणतात, त्यामुळे भाडं तरी वाचेल.

असो. पाठवलंय. दोन कापडी पिशव्या नवापूरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिल्या आहेत. एकीवर ‘चांगली’ आणि दुसरीवर ‘खराब’ असं लाल पेनानं लिहिलंय. केळीची कापणी सुरू आहे, त्यात उसाची तोड लागली, तरी निवड मी स्वतः पथारीवर बसून केली. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या त्या लाल मैदानात दुपारभर बसल्यावर माणसाला शिंका सोडून काही सुचत नाही, त्यामुळे पत्र एवढंच.

यंत्राला म्हणावं, मामाच्या मिरचीला नीट वाग.

तुझा,
पितांबरमामा

---

खांडबारा
१३ डिसेंबर २०२४

मामा,

पिशव्या मिळाल्या. आठशे फोटो काढून झाले. चारशे तुमच्या चांगल्या पिशवीतले, चारशे खराब. माझी बोटं तिखट झाली, चुकून डोळ्याला लागली आणि एक आख्खा तास मी वर्गात रडत होते. सरांना वाटलं घरची आठवण येतेय.

मामा, तुमच्या नजरेला मी मानलं. खराब पिशवीतली मिरची मी उलटीसुलटी करून पाहिली, मला काही दोष दिसेना. मिथुनला दिसेना. म्हटलं, तीस वर्षं मिरची पिकवणाऱ्या माणसाला जे दिसतं ते आम्हाला कुठून दिसणार? बारीक डाग असेल, देठापाशी काही असेल. आपल्याला दिसत नाही तेच यंत्राला शोधायला लावायचं, यातच तर खरी गंमत आहे.

आणि ऐका. प्रोग्रामला दाखवलेल्या फोटोंवर त्याची परीक्षा घेतली, तर शंभरात सत्त्याण्णव बरोबर! सत्त्याण्णव, मामा!

थोडं काम बाकी आहे. पण ते होईल. मी करीन.

मयूरी

---

प्रकाशा
२० डिसेंबर २०२४

भाचीबाईंस आशीर्वाद.

सत्त्याण्णव! दूध डेअरीवर सांगितलं, सोसायटीत सांगितलं, संगमावर दर्शनाला आलेल्या धुळ्याच्या दोन अनोळखी माणसांनाही सांगितलं. त्यांनी हात जोडले. बहुधा मी मधून बाजूला व्हावं म्हणून असेल.

एक विचारतो. खराब पिशवीतल्या मिरच्यांनाही ते यंत्र खराबच म्हणतं का? सगळ्याच? बरं बरं. सहज विचारलं. यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल.

मामी म्हणते, पोरीला विचारा काम काय बाकी आहे. मी म्हटलं, सत्त्याण्णवनंतर बाकी काय राहतं? तीनच की. तरी तिला चैन नाही. तब्येतीला जप. डोळ्यांना हात लावण्याआधी गोडं तेल लाव आणि मग साबण.

पितांबरमामा

---

खांडबारा
२ जानेवारी २०२५

मामा,

आज मी रागावले आहे, त्यामुळे ख्यालीखुशाली नंतर.

मागच्या पत्रात मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. सत्त्याण्णव आले ते दाखवलेल्या फोटोंवर. पण खरी परीक्षा असते ती न पाहिलेल्या फोटोंची. त्यासाठी मी त्या आठशेतले दीडशे फोटो बाजूला लपवून ठेवले होते. त्यांवर आले बावन्न. बावन्न म्हणजे काय, तर छापा-काटा. रुपया उडवला असता तरी तेवढे आले असते. माझं यंत्र शिकलं काहीच नव्हतं, आमच्या वर्गातली मुलं गाईड पाठ करतात तसे त्यानं फोटो पाठ केले होते.

तीन आठवडे मी माझ्या प्रोग्रामवर रात्रंदिवस डोकं आपटलं. जास्त वेळा शिकवून पाहिलं, कमी वेळा शिकवून पाहिलं, फोटो उलटे केले, तिरके केले. बावन्न, एकोणपन्नास, त्रेपन्न. मिथुनचा नियमही त्या मिरच्यांवर तेवढाच आपटला, पण तो शांत. म्हणाला, “माझा नियम बरोबर आहे. मिरची चुकतेय.” मी त्याला म्हटलं, मिरची कधी चुकते का रे! सर म्हणाले, पंधरा तारखेपर्यंत थांबतो, पुढे नाही.

परवा खराब पिशवीतली उरलेली मिरची टाकून द्यायला मी मेसच्या मागे नेली. आमच्या मेसच्या गुलाबबाई तिथं भांडी घासत होत्या. त्या आठ हंगाम नंदुरबारच्या मिरची पथारीवर निवडीला होत्या. त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझ्यावर ओरडल्याच. “हाई खराब शे? कोन म्हनस? यामा एक बी फटकी नही. तुन्हा डोया कोठे शेतस बाई? हाई मिरची मी आज आमटीमा टाकसु!” फटकी म्हणजे रंग उडून पांढुरकी झालेली, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्यांनी खरंच आमटीत टाकली. दीडशे मुलींनी खाल्ली आणि सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

मामा, खरं सांगा. त्या पिशवीत काय होतं?

मयूरी

---

प्रकाशा
७ जानेवारी २०२५

मयू,

चांगली मिरची होती.

मी आधी खरी खराबच निवडली होती. किलोभर. फटकी, डागी, बुरशी लागलेली, सगळी. पिशवीत भरली, तोंड बांधलं, स्टँडवर गेलो, एसटी लागली होती. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, भाचीला माल. तो म्हणाला, वा, मामाचा माल म्हणजे बघायला नको. आणि माझ्यानं ती पिशवी त्याच्या हाती देववेना. घरून कधी कुणाला सडकं दिलं नाही आम्ही, मजुरालाही नाही. तुझ्या हॉस्टेलच्या पोरी पिशवी उघडतील, नाक मुरडतील, म्हणतील हा मयूरीच्या मामाचा माल. परत आलो, खराब ओतून दिली आणि चांगल्यातलीच मिरची भरली. वर चिठ्ठी तीच ठेवली. वाटलं, यंत्राला काय कळतंय, चिठ्ठी वाचेल.

ते खरंच चिठ्ठी वाचत बसलं, हे तुझ्या पत्रातून कळलं. तीन आठवडे तू स्वतःला दोष देत होतीस आणि मी डेअरीवर सत्त्याण्णव सत्त्याण्णव करत होतो. मला लाज वाटते, पोरी. तुझी जागा गेली तर ती मी घालवली, असं होईल. मामीला सांगितलं, तर तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, “चला पथारीवर.”

काल आम्ही दोघं दिवसभर बसलो. या पत्रासोबत गाडीनं तीन पिशव्या येतील. पहिली चांगली. दुसरी खराब, आणि ही खरी खराब आहे, मामीनं माझ्यासमोर तोंड बांधलं आणि स्टँडपर्यंत ती मला एकट्याला सोडणार नाही. तिसऱ्या पिशवीवर चिठ्ठी काय लावावी कळेना. त्यातल्या मिरच्यांना मी खराब म्हणतो, ती चांगली म्हणते. संसारात असंच असतं. तुझ्या यंत्राला त्यातून काही कळलं तर आम्हालाही कळव.

वेळ कमी आहे, पण तू कमी नाहीस. लाव कामाला.

मामा

---

खांडबारा
१७ जानेवारी २०२५

मामा,

राग गेला. तुमचं पत्र वाचताना अर्ध्यातच गेला, पण तुम्हाला जरा ताटकळत ठेवावं म्हणून निकाल लागेपर्यंत थांबले.

मीही एक चूक केली होती, ती आधी सांगते. आठशे फोटो काढताना मी आठशे वेळा मिरची पाहिली, आणि एकदाही मनाशी म्हटलं नाही की अगं, ही चांगली दिसतेय. चिठ्ठीवर खराब होतं, म्हणून दोष माझ्या नजरेचा धरला. आता मी प्रत्येक पिशवीतल्या पन्नास मिरच्या आधी गुलाबबाईंना दाखवते. चिठ्ठी झाकून. त्या म्हणतात तेच चिठ्ठीत निघालं तरच पुढे जायचं.

तिसरी पिशवी तर सोनं निघाली. मी यंत्राला तिसरं उत्तर शिकवलं, “माहीत नाही.” मामा आणि मामींचं जिथं पटत नाही, तिथं त्यानं मिरची ढकलायची नाही, दिवा लावायचा, म्हणजे माणूस येऊन बघेल. भिकन सर ते बघून खुर्चीतून उठले. म्हणाले, मोठमोठ्या यंत्रांना हे येत नाही, त्यांना सगळंच माहीत असतं.

पंधरा तारखेला सरांनी बाजारातून नवी मिरची आणली, गुलाबबाईंनी शंभर निवडून दिल्या. मिथुनच्या नियमाला चौऱ्याहत्तर आल्या, कारण खराब पण लालच असलेली मिरची त्याला कळत नाही. माझ्या यंत्राला एक्याण्णव! न पाहिलेल्या मिरच्यांवर, मामा! मिथुननं पाच मिनिटं यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, “नऊ का चुकल्या ते बघू.” हे त्याचं अभिनंदन.

जागा माझी. नाशिकला मी जातेय.

एक विनंती आहे, रागावू नका. तुम्ही येऊ नका. आईबाबांनाही नको म्हटलंय. घरचं माणूस समोर दिसलं की माझी जीभ अडखळते, चौथीच्या भाषणात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. परीक्षक प्रत्येकाला त्याच्या कामाचे प्रश्न विचारतात आणि तिथं अडखळून चालत नाही. परत आल्यावर सगळं लिहीन.

मयूरी

---

खांडबारा
४ फेब्रुवारी २०२५

मामा आणि मामी,

दुसरे आलो! पहिले तीन संघ मार्चमध्ये पुण्याला राज्याच्या फेरीला जातात, म्हणजे आम्ही पुण्याला जातोय! रेक्टरबाईंनी मला स्वतःच्या फोनवरून आईला फोन लावू दिला, आणि त्या कुणाला स्वतःचा फोन हातात घेऊ देत नाहीत.

आता क्रमानं सांगते. सकाळच्या फेरीत पन्नासपैकी एकतीस मिरच्यांना यंत्रानं खराब ठरवलं, चांगल्यांनाही. मग वर पाहिलं. सभागृहातले दिवे पिवळे होते, आणि आम्ही सगळे फोटो शाळेच्या व्हरांड्यात उन्हाच्या उजेडात काढलेले. बिचाऱ्यानं पिवळा उजेड कधी पाहिलाच नव्हता. डिसेंबरातली मयूरी असती तर प्रोग्राम उसवत बसली असती. मी सरळ सरावाचं टेबल मागून घेतलं, त्या उजेडात साठ नवे फोटो काढले आणि तिथंच पुन्हा शिकवलं. अकरा मिनिटं लागली. मिथुन तोवर दिव्याची चकाकी पडू नये म्हणून पट्ट्यावर खोक्याची सावली धरून उभा होता, हात न हलवता. दुपारच्या फेरीत पन्नासपैकी सेहेचाळीस.

मग परीक्षकांचे प्रश्न. कॅमेरा कुठला, फोटो किती, “माहीत नाही” हे उत्तर का ठेवलं, सगळं विचारलं आणि मी धडाधडा सांगितलं. एकदाही अडखळले नाही. पहिला प्रयत्न का फसला होता, ते मात्र कुणी विचारलंच नाही. त्यामुळे तुमची पिशवी माझ्या पोटातच राहिली, काळजी करू नका.

मयूरी

---

प्रकाशा
१० फेब्रुवारी २०२५

मयू,

खोटं लिहिलंस. विचारलं होतं.

तू येऊ नको म्हणालीस, पण मला घरात बसवेना. एक तारखेला पहाटेची गाडी धरून नाशिकला आलो आणि शेवटच्या रांगेत खांबामागे बसलो, टोपी काढून, म्हणजे तुला ओळखू येणार नाही. सकाळी एकतीसचा आकडा पडला तेव्हा मला वाटलं, पुन्हा माझ्याच मिरचीनं घात केला. तू वर दिव्यांकडे पाहिलंस आणि टेबलाकडे निघालीस, तेव्हा जरा श्वास घेतला.

मग त्या चष्मेवाल्या मॅडम आल्या. त्यांनी तुझी नोंदवही उघडली, बोट ठेवलं आणि विचारलं, “आधी बावन्न, मग एकदम एक्याण्णव. मध्ये काय झालं? तुम्हाला चुकीचा माल कुणी दिला होता का?” सभागृहात माईक होता, मला स्वच्छ ऐकू आलं. वाटलं, आता माझं नाव येईल, आणि यायलाच हवं होतं.

तू म्हणालीस, “माल देणाऱ्याची चूक नाही, मॅडम. पिशवी उघडून नीट न बघता चिठ्ठीवर विश्वास मी ठेवला. चूक माझी.”

मी उठून उभाच राहिलो होतो. तिथूनच ओरडून सांगणार होतो की मॅडम, तो मीच. पण तू इतक्या ठामपणे बोलत होतीस की मध्ये तोंड घालणं बरं दिसलं नसतं. पुढे तुझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजवल्या आणि भेटल्याशिवाय निघालो, कारण माझे डोळे भरले होते आणि त्या दिवशी बोटाला मिरची लागलेली नव्हती. गाडीत सगळा रस्ता मन्ही भाची, मन्ही भाची एवढंच डोक्यात. मामीला सांगताना पुन्हा रडलो, तीही रडली.

पण पोरी, एक गोष्ट मला रुचली नाही, ती सांगतो. जी चूक माझी, तिच्यावर तू स्वतःची चिठ्ठी लावलीस. प्रेमानंच लावलीस, मी लावली होती तशीच. प्रेमानं लावलेली खोटी चिठ्ठी काय करते, ते आपण दोघांनी तीन आठवडे भोगलंय.

पुण्याला मी येतोय. टोपी घालून, पहिल्या रांगेत. जीभ अडखळली तर अडखळू दे, थांब आणि पुढे बोल, आता तुला ते जमतं. आणि तिथं कुणी विचारलं की चुकीचा माल कुणी दिला, तर माझ्याकडे बोट कर आणि सांग, माझ्या मामानं. नाव पितांबर, गाव प्रकाशा. मी उभा राहीन.

तुझा,
मामा